मी न दिलेलं लाइन क्लिअर

माझ्या वडिलांनी निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत काय केलं, हे मला इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या एका गावात कळलं. औरंगाबादेत ते कळायला वावच नव्हता. इथं आम्ही वर्षानुवर्षं एकाच घरात राहत होतो, त्यामुळं बोलणं व्हायचं तरी कधी?

ते गाव दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. आई गेल्यावर त्यानं आबांना तिकडं नेलं. आबा, आमचे वडील, मीटरगेजच्या जमान्यात छोट्या छोट्या स्टेशनांवर मास्तर होते. ते रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत मनमाडकडचा रूळ रुंद झाला. आबा म्हणत, "मी कधी हालतो याचीच वाट बघत व्हते जणू."

मुद्दा आधीच सांगून टाकते, नाहीतर पन्नाशी उलटलेलं माणूस प्रस्तावनेतच अडकून पडतं. आबांना तिकडून परत यायचं होतं. माझ्याकडं, पुंडलिकनगरात. त्यांना फक्त माझा होकार हवा होता. तो मी दिला नाही. नकारही दिला नाही, कारण नकाराला हिंमत लागते. मी आमच्या ह्यांचं नाव पुढं केलं. नवरा अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्याला न विचारता त्याचा नकार वापरता येतो.

आता होकार नाही म्हणून कुणी बाप लेकीच्या घरी यायचा थांबतो का, असं कुणीही विचारेल. आमचा बाप थांबत असे. त्याचं कारण रेल्वे.

एकेरी रूळ असला की दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. म्हणून मास्तर पुढच्या स्टेशनाला विचारतो, गाडी पाठवू का? तिकडचा मास्तर आपला रूळ मोकळा आहे हे बघून हो म्हणतो. त्या होकाराला लाइन क्लिअर म्हणतात. तो आल्याशिवाय गाडीत मंत्री बसलेला असो की नवरदेव, गाडी हलत नाही. आणि तिकडून उत्तरच आलं नाही तर त्याचा अर्थ 'नाही' असाच धरायचा.

नियम रुळांसाठी होता. आबांनी तो माणसांना लावला. ते कुणाच्याही घरी आगाऊ विचारल्याशिवाय गेले नाहीत. जालन्याला सख्खी बहीण, तिलाही आधी कार्ड टाकायचे, 'येऊ का?' उत्तर आलं की पिशवी उचलायची. नाही आलं तर पिशवी भरलेलीच खुंटीला टांगून ठेवायची. आत्या चिडायची.

"सख्ख्या भावाला बी इचारावं लागतं व्हय रे?"

"लागतं. तुझ्याकडं दुसरी गाडी उभी असली तर?"

"कसली गाडी?"

"तुझ्या नणंदा."

आत्या गप्प बसायची, कारण नणंदा बहुतेक वेळा उभ्या असायच्याच. आईच्या माहेरी तर हा कायमचा विनोद होता. पंगतीत मामा मुद्दाम ओरडायचे, "दाजी, बसा जेवायला, लाइन क्लिअर हाय." आबा हसायचे नाहीत. बसायचे.

आम्ही भावंडं या सवयीवर हसत मोठे झालो. तिचा कधी काळी मला फायदा होईल असं वाटलं नव्हतं.

आईचं आजारपण मी काढलं. दादा फोनवरून औषधांची नावं सांगे. आमचे हे वाळूजच्या कंपनीत होते, शिफ्ट सांभाळून जमेल तेवढं करत आणि न जमेल तेवढ्याची माफी मागत. आबा अंगणात खुर्ची टाकून बसत, कारण बायकोच्या आजारपणात पुरुषानं नेमकं काय करायचं याचा नियम त्यांच्या पुस्तकात नव्हता. मग आई गेली. नंतर घरात जी शांतता झाली ती मला आवडली. हे वाक्य मी पुष्कळदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, आता राहू दे. सकाळी उठावं, चहा करावा, तो एकटीनं प्यावा, कुणाच्या खोकल्याकडं कान लावू नये. एवढंच सुख. पण एकदा ते मिळालं की माणूस त्याच्यावर कुत्र्यासारखा बसून राहतो.

म्हणून दादा आबांना घेऊन गेला तेव्हा विमानतळावर सगळ्यात जास्त मी रडले. बघणाऱ्यांना वाटलं, लेकीची माया.

दर रविवारी आबांचा फोन येई. इथं दुपार, तिथं सकाळ.

"काय बाई, कसं हाय तिकडं?"

"ऊन आहे आबा."

"इथं नाय. इथं ऊन दाखवायला बी पावणे बोलवावे लागतात." मग थोडा वेळ घसा साफ केल्यासारखं करून, "म्हणत व्हतो, पुढच्या महिन्यात येऊ का?"

"यांना विचारून सांगते."

"व्हय व्हय. जावयाला इचार आधी. घर त्येंचं."

समोर ज्याचं घर तो माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला. फोन ठेवला की विचारायचा, "काय म्हणतात आबा?"

"मजेत आहेत. करमतंय त्यांना."

"इकडं बोलवा की जरा. त्या थंडीत काय करतात म्हातारे."

"बघू."

पुढच्या रविवारी आबा वाट बघत. मी विषय काढत नसे. विषय निघाला नाही म्हणजे उत्तर आलं नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणजे काय, ते आबांना मी सांगायची गरज नव्हती. असे कितीतरी रविवार गेले. शिव्या देणारा, दार आपटणारा, अचानक बॅग घेऊन उभा राहणारा बाप असता तर माझं काही चाललं नसतं. नियम पाळणाऱ्या माणसाला फसवणं फार सोपं असतं. तो तुमचं अर्धं काम स्वतःच करतो.

मग दादानंच मला तिकीट पाठवलं. मी गेले. लेक बापाला भेटायला गेली असं सगळे म्हणाले. मी गेले होते ते आबा तिकडं सुखी आहेत याची खात्री करून घ्यायला. सुखी निघाले असते तर माझं काम फत्ते होतं.

त्या गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक लढाई, दुसरी रेल्वे. वाळूत सिमेंटची एक बसकी खोली आहे, भिंतीला बंदुकीपुरती फट. जर्मन समुद्रातून उतरले तर त्यांच्यावर गोळ्या झाडायला बांधलेली. जर्मन काही आले नाहीत. तरी खोली जपली आहे, माहितीची पाटी आहे, बसायला बाक आहे. न आलेल्या शत्रूची एवढी बडदास्त. आमच्याकडं पोलीस ॲक्शनला दौलताबादच्या रस्त्यानं खरोखरच फौज आली म्हणतात; त्याच रस्त्यावर पडेगावच्या बाजूला आता प्लॉट पाडलेत आणि 'त्वरित ताबा' अशी पाटी आहे. पाटी आपणही लावतोच की.

रेल्वेचं तर विचारू नका. सरकारनं कधीच बंद केलेला समुद्राकाठचा एक रूळ गावातल्या म्हाताऱ्यांनी वर्गणी काढून पुन्हा चालू केला होता. कोळशाचं इंजिन. कोळसा ओढायला रिटायर हेडमास्तर, पितळ पुसायला रिटायर बँक मॅनेजर. जी कामं आपल्याकडं बाप पोराला करू देत नाही, ती तिथं लोक फुकट करत होते आणि काळ्या तोंडानं फोटो काढून घेत होते. दादाच्या घरी खिडकीत बसून कंटाळलेले आबा एक दिवस शिट्टीच्या आवाजाच्या मागं मागं तिथं पोचले. आत जायच्या आधी फाटकाशी उभं राहून त्यांनी विचारलं म्हणे, येऊ का? त्यांनी या म्हटलं. त्यानंतर रोज या म्हटलं.

मी पोचले त्याच शनिवार-रविवारी तिथं लढाईचा उत्सव होता. वर्षातून एकदा सगळं गाव जुन्या काळात जातं. भाड्यानं आणलेले सैनिकी कोट, बायकांचे केस वर गुंडाळलेले, ओठ लालभडक. शहरांवर बॉम्ब पडत होते तेव्हा तिथली पोरं याच रेल्वेनं या गावात धाडली होती, म्हणून आताच्या गुबगुबीत पोरांच्या गळ्यात पत्त्याची चिठ्ठी बांधून त्यांना डब्यात बसवतात. भोंगा वाजतो, सगळे हसत हसत टेबलाखाली जातात आणि कपातला चहा न सांडता बाहेर येतात. मला आमच्याकडची ती लढाई आठवली. तिचा विषय निघाला की आजी आधी दार लावून घ्यायची आणि मग काहीच सांगायची नाही. गल्लीतल्या मुसलमान घरांतही तसंच दार लागत असणार. दोन्हीकडची दारं लागलेली, म्हणून गल्लीत शांतता. तिलाच आम्ही सलोखा म्हणत आलो.

आबा फलाटावर होते. काळी टोपी, काळा कोट, हातात हिरवी झेंडी. इथल्यापेक्षा ताठ. माझ्याकडं बघून त्यांनी फक्त मान हलवली, कारण गाडी सुटायची होती.

चहाच्या टेबलामागं एक म्हातारी होती, तशीच केस गुंडाळलेली. मी कोण ते कळल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या त्या चालण्याची गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे."

"कुठल्या चालण्याची?"

तिला वाटलं मी तिची परीक्षा घेते आहे. तिनं मला वेटिंग रूममध्ये नेलं. भिंतीवर तक्ता होता, आबांचा फोटो होता, नकाशा होता. मग तिनं मला माझ्या बापाची गोष्ट सांगितली. रेशनच्या काळातला म्हणून बिनअंड्याचा केक केला होता, तो खात खात.

आबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे, दौलताबादच्या पुढच्या एका छोट्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणाऱ्याच्या हाताखाली. फौज आत शिरल्याची बातमी आली आणि तारा बंद पडल्या. फलाटाला एक गाडी उभी, डब्यांत माणसंच माणसं. कुणी रझाकारांना भिऊन निघालेले, कुणी फौजेला भिऊन. एकमेकांकडं पाठ करून एकाच डब्यात बसलेले. सगळे ओरडत होते, गाडी सोडा. ड्रायव्हर सोडायला तयार होता. मास्तर तुर्की टोपीवाले, वयस्कर. ते इंजिनासमोर रुळावर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बगैर लाइन क्लिअर के मैं अपने बाप कू बी नै छोडता."

तारा बंद, तर लाइन क्लिअर आणायचं कसं? नियमात होतं, माणूस पाठवून. आबा गेले. रुळामधून, पायी, पुढच्या स्टेशनापर्यंत. वाटेत कुणीही बंदूक रोखून 'कोण?' विचारलं की दोन्ही हात वर करून म्हणायचे, रेल्वे. पुढच्या स्टेशनात पोचले तर तिथं दुसरी गाडी, तोंड याच बाजूला, वाफ भरलेली, माणसांनी गच्च, आणि तिथला मास्तर आता सोडतो मग सोडतो करत असलेला. आबांनी ती थांबवली, त्याच्या सहीचा कागद घेतला आणि परत चालत आले. मग ही गाडी सुटली.

म्हातारीनं डोळे पुसले. मी नकाशा बघत होते. त्यावर आमचं गाव बरोबर दाखवलं होतं, पण शत्रूचा बाण ब्रह्मदेशाकडून येत होता. खाली जपानचा झेंडा.

संध्याकाळी आबांना म्हटलं, "आबा, यांनी भलतीच लढाई लावली आहे तुमच्या नावावर."

"ठाव हाय. सांगून बघितलं मी. त्येंनी मान हलवली, आन तसंच छापलं. त्येंच्याकडं लढाई एकच हाय बाई."

"आणि आम्हाला का नाही सांगितलं कधी?"

"तुम्ही इचारलं कुठं."

त्यात राग नव्हता. मला थोडा हवा होता.

म्हणजे आता मला सगळं कळलं होतं. हा माणूस विचारल्याशिवाय कुणाच्या दारात का जात नाही. समोर वाफ भरलेली गाडी यानं डोळ्यांनी पाहिली होती. पुस्तकांत अशा ठिकाणी लेकीचं मन पालटतं. माझंही भरून आलं, नाही असं नाही. दादाच्या घरी जाऊन मी रडले, तोंड धुतलं, आणि पालटलं काही नाही.

निघायच्या दिवशी आबा मला त्यांच्या त्या फलाटावर घेऊन गेले. उत्सव संपला होता, हेडमास्तर कोळसा झाडत होते. आबा समुद्राकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, "जावयाला इचारलंस का?"

या वेळी फोन नव्हता. ते माझ्या शेजारी, एका हातावर होते. आणि मी म्हणाले, "विचारलं आबा. त्यांचं जरा अवघड आहे. शिफ्ट, त्यात बीपी. त्यांना घरात जास्त माणसं सोसत नाहीत. मनानं वाईट नाहीत ते."

शेवटचं वाक्य फार छान जमलं होतं. नवऱ्याची बाजू घेणारी बायको. इतक्या रविवारांत मी नुसतं उत्तर टाळत होते. हे पहिलं खोटं, तोंडावर सांगितलेलं.

आबांनी शेजारची पिशवी उघडली. मग म्हणाले, "असती माणसाची अडचण. त्येंना म्हणावं, मनात काय ठेवू नका." आणि ह्यांच्यासाठी एक राखाडी मफलर दिला.

त्यानंतर आबांनी कधी विचारलं नाही. फोन येत राहिले, ऊन-पावसाचं बोलणं होत राहिलं. हे हात पुढं करून म्हणायचे, "द्या, मी बोलतो." तोवर तिकडून आबा फोन ठेवत. हे मफलर गुंडाळून पहाटेच्या शिफ्टच्या बसला जात आणि सांगत फिरत, सासऱ्यानं लंडनहून पाठवला. लंडन तिथून लांब होतं, पण शिफ्टच्या बसमध्ये कोण नकाशा उघडतं.

पुढच्या हिवाळ्यात आबा गेले, तिकडंच. दादा अस्थी घेऊन आला, आम्ही पैठणला गेलो. सगळं रीतीनं झालं. आत्या रडताना ह्यांच्याकडं पाठ करून बसली होती. ह्यांनी तिला पाणी नेऊन दिलं, तर तिनं तांब्या घेतला आणि बाजूला ठेवला. माझ्या लक्षात आलं. ह्यांच्याही आलं असणार. कुणी काही म्हणालं नाही. न म्हणण्यात आमचा हात कोण धरणार.

यालाही खूप वर्षं झाली. शहराचं नावसुद्धा बदललं तेवढ्यात. मी मात्र त्याच खोट्यावर नांदत होते, आणि चांगली नांदत होते. मग मागच्या महिन्यात दादानं फोटो पाठवला. तिथल्या म्हाताऱ्यांनी फलाटावर आबांच्या नावानं बाक बसवला आहे. त्या गावात माणूस मेला की त्याचा बाक होतो. त्यावर पितळी पट्टी, 'महायुद्धात गाडीसाठी चालत गेले'. इंग्रजांनी माझ्या बापाला शेवटी जपानशी लढायला लावलंच.

ह्यांनी तो फोटो मोठा करून आणला. भिंतीवर कुठं लावावा म्हणून हातात धरून खोलीभर फिरले. मग उभे राहिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "एक विचारू? मी आबांचं काय वाईट केलं होतं?"

"का?"

"माझ्याशी बोलायचे नाहीत ते. आत्याही जाईपर्यंत बोलल्या नाहीत. दादा येतो, दोन दिवस राहतो, माझ्याशी पाहुण्यासारखा वागतो. मी पुष्कळ आठवून बघितलं. कधी काही कमी-जास्त बोललो असेन तर सांग."

इतकी वर्षं हा माणूस स्वतःचा गुन्हा शोधत होता. रिटायर झाल्यावर तर वेळही भरपूर होता.

मी सांगितलं. उभ्यानंच, फोटोच्या काचेकडं बघत. रविवार सांगितले, फलाट सांगितला, बीपी सांगितलं. मला तुमच्यामुळं नाही, माझ्यासाठीच ते नको होते, हेही सांगितलं. आई गेल्यावर घर रिकामं झालं ते मला आवडलं होतं, म्हटलं.

ते खाली बसले. फोटो मांडीवर घेतला.

"बीपी तर मला तेव्हा नव्हतंच," म्हणाले.

"नव्हतं."

"मी तर म्हणत होतो, बोलवा."

"हो."

"आत्यांनाही हेच माहीत होतं?"

"आबांनी सांगितलं असेल."

"आणि दादाला?"

"दादालाही."

मला वाटलं ओरडतील. त्यांना ओरडता येत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे आणि त्याच्याच जोरावर मी एवढं सगळं केलं होतं.

"लाव दादाला फोन," म्हणाले. "माझ्यासमोर सांग."

"आता? तो दवाखान्यात असेल."

"लाव."

मी लावला. दादा म्हणाला, "बोल गं, फोटो मिळाला ना?" मी म्हणाले, "दादा, आबांना इथं यायचं होतं तेव्हा हे नाही म्हणाले नव्हते. मी यांना विचारलंच नव्हतं. मला नको होतं." तिकडं कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "आता कशाला गं हे सगळं?" त्याचा आवाज असा होता की मला वाटलं, याचंही काहीतरी आहे, त्याची पोरं सांभाळायला आबा तिकडं सोयीचे पडत होते.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "दादा, मला एवढंच सांगा. आबा माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

मग ते ऐकत राहिले. बराच वेळ. मधे एकदा चष्मा काढला, एकदा "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि उठून बेसिनवर तोंड धुऊन आले.

"कुकर बंद कर," म्हणाले. "वास सुटलाय."

दादा काय म्हणाला ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. रोज जेवायला समोर बसतात, भाजीत मीठ कमी असलं तर सांगतात. विचारायचा हक्क आता मला नाही, म्हणून मी विचारत नाही.